दार्जिलिंग, आसाम, ग्रीन टी: एकाच रीतीने उकळू नका, या चुका टाळा

जांभळी नाक्यावरून हौसेने दार्जिलिंग चहा आणायचा, रोजच्यासारखा आलं-साखर घालून खळखळ उकळायचा, वर दूध ओतायचं आणि मग 'एवढा महाग, तरी पाणचट' म्हणून डबा मागे सारायचा. ठाण्यात हे घरोघरी होतं. पत्ती चांगलीच असते, रीत चुकते.

आसामच्या सखल, दमट खोऱ्यातलं झाड मोठ्या पानांचं. त्याच्या कोवळ्या पानांत कॅटेचिन ही कडवट-तुरट द्रव्यं भरपूर. पान चिरडून, फाडून, वळणाऱ्या सीटीसी यंत्रातून ते गेलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यांची थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन होतात. आपल्या दाणेदार चहाचा लालसर रंग आणि कडकपणा त्यांचाच. दुधातलं केसिन हे प्रथिन यातला तुरटपणा कमी करतं, म्हणून हा चहा दूध पेलतो. दार्जिलिंगची जुनी झुडपं मात्र बहुतांशी लहान पानांच्या चिनी जातीची. उंचीवरच्या गारठ्यात ती सावकाश वाढतात आणि त्यांचं खरं वैभव सुगंधात असतं. लिनालूल, जिरॅनिऑल ही सुवासिक द्रव्यं उडून जाणारी. पातेलं उकळत राहिलं की वाफेबरोबर गेलीच. आधण आलं की गॅस बंद करा, मग पत्ती टाका, झाकण ठेवून तीन मिनिटं मुरू द्या. दूध घालूच नका, माझं एवढं ऐका.

ग्रीन टी कडू लागतो म्हणून पत्ती कमी करणं हीही चूकच. थिॲनिन हे गोडसर चवीचं द्रव्य झाडाच्या मुळांत तयार होऊन पानांत येतं आणि उन्हात त्याचं कॅटेचिनमध्ये रूपांतर होतं. जपानात ग्योकुरो या ग्रीन टीच्या मळ्यांवर तोडणीआधी सुमारे तीन आठवडे सावली धरतात ती यासाठीच. उन्हात वाढलेल्या पत्तीवर उकळतं पाणी ओतलं की कडवटपणा सगळा उतरतो. 75 ते 80 अंश पुरे. तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले की गॅस बंद.

गडद रंग म्हणजे कॅफिन जास्त, हेही खरं नाही. कॅफिन झाडाच्या जातीवर आणि पान किती कोवळं यावर ठरतं. हिरव्याचा काळा चहा होताना ते फारसं बदलत नाही. झोप उडत असेल तर रात्रीचा ग्रीन टीही बंद करा.

कोऱ्या चहावर तपकिरी तवंग येतो? घोडबंदर रोडच्या टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर असलात तर आधी पाणी तपासा. जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि बायकार्बोनेटमुळे तो धरतो, कप हलवला की त्याला भेगा पडतात आणि कडेला डाग राहतो. तीच पत्ती आरओच्या पाण्यात करून पाहा. तवंग गेला तर पत्ती बदलू नका.

पावसाळ्यात डबा घट्ट बंद, मसाल्यांपासून लांब. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर पत्तीला दमटपणा धरतो.