भाच्याचे रोब्लॉक्स खाते परत सुरक्षित केले, त्याचा अनुभव

माझा अकरा वर्षांचा भाचा रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळाच्या आभासी जगात शाळेतल्या मित्रांना भेटतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या खात्यातील रोबक्स, म्हणजे तिथले पैसे देऊन घ्यावे लागणारे चलन, एका रात्रीत नाहीसे झाले. पासवर्ड त्याने कोणालाही सांगितला नव्हता, त्यामुळे मी आधी भलतीकडेच शोधत राहिलो. ब्राउझरचा इतिहास दोघांनी मिळून पाहिला तेव्हा उलगडा झाला. खेळातल्या एका अनोळखी पात्राने सुचवलेल्या ‘फुकट रोबक्स’च्या पानावर त्याने ब्राउझरमधून उचललेली अक्षरांची लांबलचक ओळ चिकटवली होती. ती लॉगिनची कुकी होती, म्हणजे आपण लॉगिन केले आहे हे संकेतस्थळाला पटवणारी, ब्राउझरने साठवलेली खूण. ती हाती पडलेला माणूस पासवर्ड किंवा ओटीपी न देताच खात्यात शिरू शकतो. त्या ओळीच्या सुरुवातीलाच ती कोणाला देऊ नये असा इंग्रजी इशारा असतो, पण थांबून वाचायची सवय आम्हीच त्याला लावली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन मी इतर सर्व उपकरणांवरचे लॉगिन बंद केले, म्हणजे चोरलेली कुकी निकामी झाली. मग ईमेलचा आणि खात्याचा पासवर्ड बदलून ऑथेंटिकेटर अ‍ॅपची द्विस्तरीय पडताळणी सुरू केली, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डनंतर त्या अ‍ॅपमधला सतत बदलणारा कोडही द्यावा लागतो.

आता कोणतीही लिंक आली की खोटे पान ओळखता यावे म्हणून भाचा पत्त्यातील ‘डॉट कॉम’च्या लगेच आधीचे नाव बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्याने वाचतो.