ख्रिस्ती घरी समाचाराला जाताना

माझे वडील गेले त्या दुपारी नागाळा पार्कातल्या आमच्या घरासमोर निम्मी गल्ली उभी होती. शेजारच्या काकांनी माझ्या भावाला विचारलं, "रक्षाविसर्जन कधी ठेवलंय?" भाऊ गप्पच झाला, आणि काका ओशाळले. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. कोल्हापुरात मयत झालं की पहिला प्रश्न हाच असतो.

आमच्यात रक्षाविसर्जन नाही, कावळा शिवायची वाट बघणं नाही. म्हणून एवढंच विचारा: घरची प्रार्थना किती वाजता, चर्चमधली किती वाजता, आणि माती कुठं? मातीला जरूर या. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, "मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ" म्हणतात, मग घरचे एकेक मूठ माती पेटीवर टाकतात. त्यांच्या मागोमाग तुम्हीही टाका. आपण परधर्माचे म्हणून मागं थांबू नका. काका तसे थांबले होते, मी हाताला धरून त्यांना पुढं आणलं.

आम्ही का पुरतो, हे कळलं की काय बोलावं ते सुचतं. वडील आम्हाला उसाच्या कांडीचं उदाहरण द्यायचे. कांडी सरीत दाबतो ती टाकून द्यायची म्हणून नव्हे, तिला डोळा असतो, त्यातून कोंब फुटतो. ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानं करिंथ शहरातल्या मंडळीला बियाण्याचा दाखला देऊन हेच लिहिलंय: पेरलं जातं ते नाशवंत शरीर, उठवलं जातं ते अविनाशी. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला, तसे शेवटल्या दिवशी मेलेले उठतील, न्याय होईल आणि देव नवं आकाश, नवी पृथ्वी करील. नुसता आत्मा स्वर्गात गेला आणि संपलं, एवढ्यावर आमचा विश्वास थांबत नाही. मग तोवर माणूस कुठं असतो? शेजारच्या क्रूसावरच्या गुन्हेगाराला येशूनं त्याच दिवशी सुखलोकात सोबत असण्याचा शब्द दिला होता. त्या शब्दावर आम्ही टेकतो. दहन केलं तर उठणार नाही, असं मात्र नाही; रोमन कॅथलिक चर्चनंही १९६३ साली दहनाला परवानगी दिली.

आता बोलण्याचं. "पुढच्या जन्मी तुमच्याच पोटी येतील" हे मायेनं म्हटलं जातं, मला ठाऊक आहे. पण माणूस एकदाच जन्मतो आणि एकदाच मरतो असं आम्ही मानतो, त्यामुळं ऐकणाऱ्याला उत्तर सुचत नाही. "पुण्यवान होते, स्वर्गात जाणारच" यापेक्षा त्यांची एखादी आठवण सांगा. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, पुण्याच्या हिशेबानं नाही, आणि न्याय देवाकडं आहे.

"तुमच्यात रडायचं नसतं ना?" हे तर कधीच विचारू नका. आईला एका बाईंनी विचारलं, आणि तिनं पदरानं डोळे पुसून टाकले. मला आजही ते सलतं. आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडं जाताना येशू स्वतः रडला. थोड्या वेळात आपण त्याला उठवणार, हे माहीत असूनही रडला! पौलानं शोक करू नका असं लिहिलेलं नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असं लिहिलंय. तेव्हा आमच्याजवळ बसा, रडू द्या, रडा.

घर कॅथलिक असेल तर थोडा फरक आहे. ते शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था, मानतात, मृतासाठी मिस्सा ही चर्चमधली उपासना अर्पण करतात, २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांची आठवण करतात. तिथं "त्यांच्यासाठी प्रार्थना करतो" म्हटलेलं चालतं. आम्ही प्रॉटेस्टंट, १८५२ साली विल्डर मिशनरी कोल्हापुरात आले, त्या परंपरेतले. आमच्या मंडळीत गेलेल्याला देवाच्या हाती सोपवतो आणि मागं राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतो. आम्हाला म्हणा, "देव तुम्हाला धीर देवो." ते दोन्हीकडं चालतं.

पिठलं-भाकरी आणा. शेजाऱ्यांनी आणलेली आम्ही चार दिवस खाल्ली.

महिन्यांनंतरही यावंसं वाटलं तर ईस्टरला या. पुनरुत्थानाच्या त्या पहाटे आम्ही कबरीवर फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो. काका निशिगंध घेऊन येतात. फक्त उजाडायच्या आत निघा. येशूची शिष्या मग्दालिया मरिया त्याच्या कबरेकडं निघाली तेव्हा अजून अंधारच होता.