वीडरच्या टाकीतलं मागच्या वर्षीचं पेट्रोल आधी काढा

मृग तोंडावर आलाय. शेडमधल्या पॉवर वीडरच्या (तण काढायच्या इंजिनवाल्या यंत्राच्या) टाकीत गेल्या हंगामाचं पेट्रोल असेल, तर ते आजच काढा. बाकी सर्व्हिसिंग चार दिवस उशिरा झाली तरी चालेल.

नागपूरकडच्या काळ्या जमिनीत झड लागली की रानात पाय ठेवता येत नाही. मग दोन दिवस उघाड मिळते, वाफसा येतो आणि नेमकं तेव्हाच यंत्र सुरू होत नाही. कपाशीला पहिले ६० दिवस तण सोसत नाही. एक डवरणी (ओळींमधली तणकाढणी) हुकली की केना आणि लव्हाळा ही तणं सगळी ओळ धरतात.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. त्याच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि मेन जेटचं, म्हणजे इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या पितळी नळीचं, भोक बुजतं. चोक ओढलेला असेपर्यंत इंजिन चालतं, सोडला की बंद पडतं, तर दोष बहुधा इथेच आहे. टाकीला वॉर्निशसारखा वास आला, तर ते पेट्रोल ताज्यात मिसळूनही वापरू नका.

इंजिन थंड असताना, मोकळ्या जागी, विडी-काडी दूर ठेवून काम करा. टाकी रिकामी करून पेट्रोलचा कॉक बंद करा. वाटीखालचा बोल्ट खोला. बहुतेक यंत्रांना १० नंबरचा पाना लागतो. वाटीची रबरी रिंग जपा. पितळी जेट काढून उजेडाकडे धरा, भोक आरपार गोल दिसलं पाहिजे. कार्ब क्लीनर मारा, नाही निघालं तर वायरीतली तांब्याची एक बारीक तार फिरवा. सुई घालू नका. भोक मोठं झालं की काळा धूर येतो आणि पेट्रोलचा खर्च वाढतो.

दुकानात थेट नवा कार्ब्युरेटर दाखवतात, सोबत पेट्रोलमध्ये टाकायची बाटलीही. जेट साफ करून पाहिल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नका.

बाकी कामं:
- इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३०. साडेसहा एचपीच्या इंजिनाला साधारण ६०० मिली. यंत्र सपाट उभं करून पातळी बघा.
- नवं यंत्र २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी ऑइल बदल.
- प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी.
- फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, ऑइलचे थेंब देऊन पिळा.
- गिअर ऑइल, पात्यांचे बोल्ट, क्लच केबल.

पात्यांत अडकलेलं गवत काढताना प्लगची टोपी आधी उपसा.

काटोल, नरखेडच्या संत्रा बागांत वीडर बुंध्याजवळ नेऊ नका. मुळं तुटतात, साल सोलली की डिंक्या रोगाला वाट मिळते. तिथे हातानेच निंदणी करा.

बहुतेक ब्रश कटरच्या कार्ब्युरेटरला वाटी नसते, पण शिळं पेट्रोल त्यालाही बाधतं. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापानेच घाला आणि त्या दिवसापुरतंच कालवा.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा, इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.