हातात किती पडतात?

आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लागलो तेव्हा गावात भेटेल तो एकच विचारायचा, "हातात किती पडतात?" काम काय करायलास, असं एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा पुढची सहा वर्षं स्वतःला तेवढंच विचारत राहिलो. यंदा बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी पोरं आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून बाहेर पडणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अर्ज कुठं करायचा, अप्रेंटिस कसं लागायचं, हे तुम्हाला माहीत आहे. मी कुठं अडकलो तेवढं सांगतो.

मी अडकलो ओव्हरटाइममध्ये. हे नीट वाचा, कारण पहिल्या पगाराला हे कळत नाही.

समजा बेसिक आणि डीए, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, मिळून १३ हजार आहेत. महिन्याचे २६ दिवस, रोजचे आठ तास धरले तर तासाला साडेबासष्ट रुपये पडतात. ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट, म्हणजे १२५. महिन्याला ४० तास केले की ५ हजार वर येतात. घरी सांगताना आपण १८ हजार सांगतो आणि मनातही १८च धरतो. पण पीएफ कापला जातो १३ हजारांवर. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मोजली जाते १३ हजारांवर, एका वर्षाला पंधरा दिवसांची, म्हणजे ७,५००. वरच्या पाच हजारांचा त्यात कुठंच हिशोब नाही. ऑर्डर आटली की पहिल्यांदा ओव्हरटाइमच बंद होतो. तेव्हा १३ हजारांतून पीएफचे १,५६० वजा जाऊन ११,४४०च उरतात, आणि गाडीचा हप्ता, भिशी, बहिणीच्या लग्नाचं कर्ज हे सगळं तुम्ही १८ हजार धरून बसवलेलं असतं. माझं तसंच झालं. हप्त्यामुळं नोकरी सोडता येईना, आणि नोकरी सोडता येत नाही म्हणून ओव्हरटाइम नाकारता येईना.

पैशाचं नुकसान तरी भरून निघतं. खरं नुकसान त्या ४० तासांचं असतं. सीएनसी लेथवर तोच शाफ्ट लावायचा, बटण दाबायचं, स्नॅप गेज लावून माप बघायचं, काढून ट्रेमध्ये ठेवायचा. मशीन जुळवून द्यायला सेटर यायचा तेव्हा मी चहाला जायचो. त्यानं मला कधी हाकललं नव्हतं, मीच जायचो. सहा वर्षांनी कोल्हापूरजवळ शिरोलीत एका कारखान्यात मुलाखतीला गेलो. समोरच्या माणसानं साधं विचारलं, "इन्सर्ट झिजला की बाहेरचा व्यास वाढतो की कमी होतो? ऑफसेट कुठल्या बाजूला द्यायचा?" इन्सर्ट म्हणजे धातू कापणारं पातं, आणि ऑफसेट म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती. व्यास वाढतो आणि ऑफसेट मायनसमध्ये द्यायचा, हे आज झोपेतही सांगेन. त्या दिवशी मी गप्प बसलो. परतीच्या बसमध्ये निपाणी येईपर्यंत मान वर केली नाही.

म्हणून सांगतो, सेटर आला की चहा सोडा. मशीनजवळ उभे राहा.

त्यानंतर मला एका लहान पॅटर्न शॉपमध्ये जागा मिळत होती, चार हजार कमी पगारावर. बायको म्हणाली, "भिशी संपू दे, मग जाऊया." आठ महिने थांबलो, हप्ता फेडला आणि मग गेलो. उद्याच राजीनामा द्या, असं मी कुणालाच सांगणार नाही. घर चालवायचं ओझं ज्याच्यावर आहे त्यानं आधी हप्ते संपवावेत. वर्ष लागलं तरी लागू दे. त्या वर्षानं काही बिघडत नाही, तेवढ्यात ड्रॉइंग वाचायला शिका.

पॅटर्न म्हणजे वाळूत ज्याचा ठसा उठवून ओतकाम करतात तो नमुना. बिडाचं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून ५०० मिलिमीटरच्या पार्टला पॅटर्न ५०५चा करावा लागतो. जिथं मशीनिंग होणार तिथं आणखी माल ठेवायचा. बाजूंना थोडा उतार द्यायचा, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळू फाटते. माझ्या पहिल्या पंपाच्या पॅटर्नला एका कोपऱ्यात उतार कमी पडला आणि मोल्ड फाटला. मिस्त्रींना ते आधीच दिसलं होतं. त्यांनी फाटू दिलं, मग मला वाळूजवळ बसवून विचारलं, "कुठं अडकलं, बोट ठेव." मी बोट ठेवलं. कामावर असताना पहिल्यांदाच मला कुणी काहीतरी विचारलं होतं.

असा मिस्त्री मिळाला तर पगाराकडं जरा डोळेझाक करा. काम बिघडू न देणारा मिस्त्री प्रेमळ वाटतो, पण त्याच्या हाताखाली माणूस हेल्परच राहतो, हे माझं ठाम मत आहे. दोन महिन्यांत सीएनसी प्रोग्रामर करतो म्हणणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा दहावीनंतर ज्याला वेळ आणि घरचा आधार आहे, त्यानं बेळगावातच जीटीटीसी या सरकारी संस्थेचा टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायचा, डिप्लोमा बघावा. वेळ जास्त लागतो, पण हात तयार होतो. आणि कन्नड शिका. सीमाप्रश्न मनात आहे तिथंच राहू दे, माझ्याही आहे. पण भट्टीवरचा बैलहोंगलचा माणूस 'उसुकु', म्हणजे वाळू, म्हणाला की ती ओली आहे की कोरडी, हे त्याच्याकडूनच समजून घ्यायचं असतं.

आवडीचं काम शोधा, असं भाषणात सांगतात तेव्हा मला आजही राग येतो. पॅटर्न म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं, मी ते आवड म्हणून कुठं शोधणार होतो? हात बसला, चुका कळायला लागल्या, तेव्हा कुठं आवड लागली. पहिले चार महिने तर रोज वाटायचं की चूक केली. तुम्हालाही वाटेल. घाबरू नका.

आमचे बाबा खानापुरात कौलांच्या कारखान्यात होते. पगार कमी झाला म्हणून ते माझ्याशी बरेच दिवस नीट बोलत नव्हते. एकदा जेवताना मी सहज सांगितलं की लोखंड आकसतं म्हणून पॅटर्न मोठा करावा लागतो. त्यांचा घास हातातच थांबला. "कौलाचा साचा पण मोठाच असतोय की," म्हणाले, "माती वाळताना आटते." मग ताट बाजूला सारून त्यांनी पाटावर बोटानं साचा काढून दाखवला. तीस वर्षं ते काम करून आलेल्या माणसाला घरात आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं. आई भात वाढायला थांबली होती, तिला म्हणाले, "थांब जरा, पोराला दाखवायलोय."