तलावपाळीची फेरी आणि तिसरी घंटा

आधी नाटकाची तिकिटं, मग बाकी सगळं. जुन्या ठाण्याची फेरी गडकरी रंगायतनमध्ये नाटक बघूनच संपवायची असं ठरलं, की दिवस आणि वेळ आपोआप ठरतात. प्रयोग रात्री साडेआठचा असेल, तर चारला स्टेशनबाहेर पश्चिमेला जमायचं. ज्येष्ठ मंडळींसाठी खालच्याच रांगा घ्या, बाल्कनीचे जिने नकोत.

फेरी सांगणाऱ्याने आदल्या रविवारी त्याच वेळी ती एकदा चालून यावी. जांभळी नाक्याच्या गर्दीत पंधरा माणसं कुठे उभी राहतील आणि बोलणं कुठे ऐकू येईल, हे घरी बसून कळत नाही. स्टेशनवर १६ एप्रिल १८५३ची पहिली गाडी सांगून लगेच पुढे निघा, ती सगळ्यांना पाठ असते. वि. ल. भावे यांनी १८९३ साली सुरू केलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात डोकावायचं असेल, तर वेळ आधी विचारून ठेवा. टेंभी नाक्याच्या १८७९च्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, परवानगीही आधीच मागा.

कारागृहापाशी मात्र घाई नको. हा मुळात किल्ला, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला. इथेच १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेऱ्यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या त्या नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, नाटक बघायला माणसं जमली असताना. आपणही नाटकालाच निघालेलो असतो, म्हणून मला ही जागा फेरीचा गाभा वाटते. तारखा आणि तिन्ही नावं कागदावर लिहून न्या, एकही चुकता कामा नये. सगळं बाहेरूनच बघायचं, आणि फाटकासमोर फोटो काढायचे नाहीत.

पायात सहज निघतील अशा चपला हव्यात, कारण कौपिनेश्वराच्या देवळात जायचंय. तिथली भव्य पिंड बघितल्यावर बाजारातच गजरे घ्या. नाटकाला गजरा हवाच. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. पावसाळ्यात छत्री. मामलेदारची मिसळ खायची तर ती सुरुवातीलाच, आणि तिखट न झेपणाऱ्यांसाठी पिशवीत दुसरं काही असू द्या.

साडेसातला मासुंद्याच्या, म्हणजे तलावपाळीच्या तलावाच्या, काठी बसायचं. आठला रंगायतनच्या दारात माणसं मोजायची, मोबाइल बंद करायला सांगायचं आणि ज्याचं तिकीट त्याच्या हातात द्यायचं.