अडकलेल्या बिलासाठी विनंतीपत्र कसं लिहावं

नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या युनिटांना एक पत्र वरचेवर लिहावं लागतं: माल पोचला, बिल अडकलं, कृपया पैसे सोडा. ते बहुतेकदा फसतं, कारण त्यात आपली अडचण भरभरून असते आणि समोरच्याच्या उपयोगाचं काहीच नसतं. पत्र वाचणारा अकाउंट्सचा माणूस पैसे स्वतः सोडत नाही, त्याला साहेबांची सही घ्यायची असते. त्यासाठी जे पुढे ठेवावं लागेल, ते सगळं पत्रातच हवं.

विषयात पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) क्रमांक, बिल क्रमांक आणि रक्कम टाका. नुसतं ‘थकबाकीबाबत’ लिहिलेलं पत्र फायलीत जातं. मग लगेच मागणी:

“आपल्या पीओ क्र. ४१२ नुसार पुरवलेल्या २,००० ब्रॅकेट्सचे बिल क्र. ८७, जीएसटीसह रु. १,८४,०८०, येणे आहे. आपण माल २० जानेवारी २०२६ रोजी स्वीकारला असून ४५ दिवसांची मुदत ६ मार्चला संपली. ही रक्कम १८ मार्चपर्यंत खात्यात जमा करावी, ही विनंती.”

‘लवकरात लवकर’ लिहू नका, ती तारीख कोणत्याच कॅलेंडरात सापडत नाही.

पुढच्या परिच्छेदात मालासोबत दिलेल्या डिलिव्हरी चलनाचा क्रमांक आणि जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या त्यांच्या नोंदीची, तारीख. काही नग रिजेक्ट झाले असतील तर लपवू नका. क्रेडिट नोट (रिजेक्ट मालाची रक्कम कमी केल्याची नोंद) वजा करून उरेल तेवढंच मागा. आकडा त्यांच्या लेजरशी जुळला नाही की पत्र अकाउंट्सकडून पर्चेसकडे, तिथून क्वालिटीकडे जातं आणि महिना निघून जातो.

आता खरा जोर. युनिट उद्यम नोंदणीत (सरकारची एमएसएमई नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु असेल तर क्रमांक द्या. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. करार नसेल तर १५ दिवस. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकर तरतुदीमुळे मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चपर्यंत चुकतं झालं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. मार्चमध्ये हे एक वाक्य त्यांच्या सीएच्या नजरेत बरोबर भरतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हा आधार मिळत नाही. त्यांनी पीओतल्या पेमेंटच्या अटीवर बोट ठेवावं.

एमएसएमईडी कायद्यात उशिरासाठी बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो व्याजदर) तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज आहे. पहिल्या पत्रात ते काढू नका. व्याज आलं की विनंतीची नोटीस होते, आणि पुढचा पीओ दुसऱ्याला जातो.

‘कृपया’ एकदाच पुरे. मजकूर एका पानात बसवा. सोबत बिल, सही-शिक्क्याचं चलन, पीओ आणि उद्यम प्रमाणपत्र जोडा. ईमेल अकाउंट्सला, प्रत पर्चेसला. छापील पत्र आवक विभागात देऊन दुय्यम प्रतीवर शिक्का घ्या. तीन-चार दिवसांनी फोन करा, पण “पैसे कधी?” असं नको, “बिल कोणाच्या टेबलावर आहे?” असं विचारा. पहिल्या प्रश्नाला “बघतो” मिळतं, दुसऱ्याला नाव.