परदेशात सुट्टीचं घर, पुढे तिथेच रिटायर : पुण्यात बसून आधी काय काय बघायचं

कोरेगाव पार्क नाहीतर सेनापती बापट रोडच्या एखाद्या हॉटेलात शनिवार-रविवार प्रॉपर्टी एक्स्पो लागतो. काचेच्या पेटीत टॉवरचं मॉडेल, आत बारीक दिवे, आणि टाय लावलेला मुलगा सांगत असतो की काका आजच टोकन दिलंत तर फर्निचर फ्री, नुसतं कार्ड स्वाइप करा. जा, चहा प्या, ब्रोशर आणा, पण कार्ड पाकिटातच राहू दे. आपलं क्रेडिट कार्ड परदेशात हॉटेलला चालतं, शॉपिंगला चालतं, घर घ्यायला चालत नाही, तो फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, भंग होतो आणि "सगळेच करतात हो" हे उत्तर नोटीस आल्यावर कुणी ऐकून घेत नाही.

आता मुद्द्याचं बोलूया. सुट्टीचं घर आणि म्हातारपणी राहायचं घर ही दोन वेगळी कामं आहेत, आणि घर नावावर असणं नि त्या देशात राहायची परवानगी असणं याचा बऱ्याच ठिकाणी एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. फ्लॅट तुमचा, मेंटेनन्स तुम्ही भरताय, आणि राहायचं मात्र टुरिस्ट व्हिसावर, मुदत संपली की बॅगा भरा. म्हणून मी तर म्हणते क्रम उलटा लावा : आधी व्हिसा, मग पैसे कसे जाणार ते, आणि घर सगळ्यात शेवटी. एक्स्पोवाले बरोबर याच्या उलट सांगतात, कारण त्यांना घर विकायचंय.

आपल्याकडे बहुतेकांचं पहिलं मन जातं मुलं जिथे आहेत तिथे. मुलगा न्यू जर्सीत, मग तिथेच एक छोटंसं घर घेऊ. घेता येतं, पण अमेरिकेत रिटायरमेंट व्हिसा असा प्रकारच नाही, आणि तिथे कायम न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या नावावर घर असताना तो वारला तर फक्त ६० हजार डॉलरपर्यंत सूट, त्यावरच्या रकमेला तिथला इस्टेट टॅक्स लागतो, जो ४० टक्क्यांपर्यंत जातो. ब्रिटनमध्येही घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही, वर परदेशी म्हणून आणि दुसरं घर म्हणून जादा स्टॅम्प ड्युटी. ऑस्ट्रेलियाने परदेशी लोकांना जुनी म्हणजे आधी बांधलेली घरं घ्यायला १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत बंदी घातली, कॅनडाची बंदी २०२७ सुरू होईपर्यंतची, न्यूझीलंडने २०१८ मध्येच दार लावलं. सिंगापूरमध्ये परदेशी माणसाला २०२३ पासून ६० टक्के जादा स्टॅम्प ड्युटी, म्हणजे तो विषय आपल्यासाठी संपलाच.

युरोपचं जुनं ज्ञान अजून व्हॉट्सॲपवर फिरतंय, त्यावर जाऊ नका. पोर्तुगालने घर घेतल्यावर गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात राहायचा परवाना, देणं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केलं, स्पेनने ३ एप्रिल २०२५ ला ती योजनाच गुंडाळली. ग्रीसमध्ये चालू आहे, पण जुने अडीच लाख युरो विसरा, अथेन्स, थेस्सालोनिकी, सँटोरिनी वगैरे भागात ८ लाख आणि बाकी बऱ्याच ठिकाणी ४ लाख युरो, आणि ते घर एअरबीएनबीवर, म्हणजे पर्यटकांना थोड्या दिवसांच्या भाड्याने, देता येत नाही. पोर्तुगालचा डी-७ म्हणून व्हिसा आहे, त्याला घर विकत घ्यावंच असं नाही, नियमित पेन्शन-भाड्याचं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतकं दाखवावं लागतं आणि राहायला जागा लागते, भाड्याची चालते. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण आधी राहून बघा, आवडलं तर घ्या.

दुबई आपल्याला जवळची, भाषेचं टेन्शन नाही, जवळपास कुठेतरी मराठी मंडळ असतंच. ५५ पूर्ण असतील तर १० लाख दिरहॅमच्या घरावर ५ वर्षांचा रिटायरमेंट व्हिसा मिळू शकतो, बचत किंवा मासिक उत्पन्न दाखवायचेही वेगळे मार्ग आहेत, आणि घर २० लाख दिरहॅमचं असेल तर १० वर्षांचा गोल्डन व्हिसा. पण हे सगळं रिन्यू करत राहायचं असतं, नागरिकत्व नाही. किमतीवर ४ टक्के तिथल्या लँड डिपार्टमेंटची फी धरा. बांधकाम चालू असलेलं घेत असाल तर पैसे फक्त त्या प्रोजेक्टच्या एस्क्रो खात्यात (म्हणजे त्याच बांधकामासाठी राखलेल्या खात्यात), एजंटच्या किंवा त्याच्या भावाच्या खात्यात एक दिरहॅमही नाही. आणि एक गोष्ट एक्स्पोत कुणी आपणहून सांगत नाही ती म्हणजे सर्व्हिस चार्ज, दर स्क्वेअर फुटावर वर्षाला लागतो, पूल-जिम-लॉबी जितकं झकपक तितका जास्त. बिल्डिंगप्रमाणे हे दर लँड डिपार्टमेंट ऑनलाइन टाकतं, बघून घ्या. कोथरूडच्या सोसायटीत मेंटेनन्स वाढवला म्हणून मीटिंगमध्ये भांडणारी माणसं आपण, तिथला आकडा बघून गार पडाल. बऱ्याच ठिकाणी एसीच्या गार पाण्याचं बिल आणखी वेगळं.

थायलंडमध्ये जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. कॉन्डो, म्हणजे बिल्डिंगमधला फ्लॅट, होतो, पण बिल्डिंगच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी, त्यामुळे कोटा शिल्लक आहे का हे आधी लेखी घ्या. पैसे परकीय चलनात बाहेरून आले याचा बँकेचा कागद लागतो, नाहीतर नावावर होणार नाही, आणि विकल्यावर पैसे परत नेतानाही तोच लागतो, म्हणून जपून ठेवा. रिटायरमेंट व्हिसा वयाच्या पन्नाशीनंतर, त्यासाठी ८ लाख बाट बँकेत किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न. घर घेतलंय म्हणून यात सूट नाही. बालीत तर "जमीन लोकल माणसाच्या नावावर ठेवू, करार आपल्याकडे" असं सुचवणारे भेटतात. असल्या करारावर सरळ पाणी सोडा, तिथे तो बेकायदा आहे आणि उद्या त्या माणसाची बायको म्हणाली की जमीन आमची, तर तुम्ही कोर्टात काय सांगणार?

मॉरिशसचा विचार फार कमी लोक करतात याचं मला नवल वाटतं. तिथे पिढ्यानपिढ्या मराठी लोक आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. सरकारने मान्य केलेल्या स्कीममध्ये ३ लाख ७५ हजार डॉलरचं घर घेतलं तर घर आहे तोवर राहायचा परवाना मिळतो. वयाच्या ५० नंतर रिटायर लोकांसाठी वेगळा परवाना आहे, त्यात घर घ्यायची अट नाही, दर महिन्याला ठराविक पैसे तिथे आणायचे. फक्त वारसाहक्काचा कायदा फ्रेंच वळणाचा आहे, मुलांचा हिस्सा कायद्यानेच राखीव, सगळं बायकोच्या नावावर करून टाकलं असं चालत नाही.

आता पैसे. रिझर्व्ह बँकेची एलआरएस म्हणून स्कीम आहे, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. मॉरिशसचं घर एकट्याच्या एका वर्षाच्या मर्यादेत बसत नाही हे लक्षात आलंच असेल. त्यावर दोन उपाय, नवरा-बायको दोघांनी मिळून पाठवायचे किंवा थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये. पण दोघांचे पैसे असतील तर घर दोघांच्या नावावर हवं, बायकोची मर्यादा वापरली आणि कागदावर एकटे साहेब, हे चालत नाही. आणि इथली बँक या कामासाठी कर्ज देऊ शकत नाही, स्वतःचेच पैसे हवेत. ताबा मिळाल्यावर ५ वर्षं हप्ते असल्या प्लॅनला तर हात लावायच्या आधी फेमा कळणाऱ्या सीएला विचारा, कारण ती एक प्रकारची परदेशी उधारीच झाली, यात अडकलेल्यांना बँकेतून पुढचा हप्ता पाठवताना घाम फुटतो. पाठवलेले पैसे वापरले गेले नाहीत तर १८० दिवसांत परत आणायचे हेही नियमात आहे, म्हणजे "तिकडे पाठवून ठेवू, घर सावकाश बघू" हा प्लॅन बाद.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा टॅक्स, हा सगळ्यांना दचकवणारा प्रकार. वर्षाला १० लाखांच्या वर जेवढे पाठवाल त्यावर २० टक्के बँक तिथेच कापून घेते. डॉलर ९० रुपये धरला तर अडीच लाख डॉलर म्हणजे २ कोटी २५ लाख, त्यातून १० लाख वजा, उरलेल्यावर २० टक्के म्हणजे ४३ लाख रुपये. हे पैसे बुडत नाहीत, आयकर खात्याच्या तुमच्या नावच्या पत्रकात दिसतात, रिटर्नमध्ये टॅक्समधून वजा होतात किंवा रिफंड येतो, पण तोपर्यंत ४३ लाख जास्तीचे हाताशी पाहिजेत, आणि घराचं बजेट करताना नेमकं हेच विसरलं जातं. १० लाखांची सूट दोघांना वेगवेगळी मिळते. मात्र बायको रिटर्न भरत नसेल तर तिच्या पॅनवर कापलेले पैसे तिथेच पडून राहणार, तिचा रिटर्न भरायला घ्याच.

कोथरूडचा किंवा सहकारनगरचा जुना फ्लॅट विकून परदेशात घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा. एक घर विकून दुसरं घेतलं की कॅपिटल गेनची, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्सची, जी सूट मिळते ती नवीन घर भारतात असेल तरच. परदेशातल्या घरावर शून्य. ३५ वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्लॅटवर हा आकडा चांगलाच मोठा होतो.

घर झालं की दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल भरायचं, इथे रेसिडेंट आहात तोपर्यंत. भाडं येवो न येवो, घर बंद असो, भरायचंच, नाही भरलं तर ब्लॅक मनी कायद्यात १० लाखांचा दंड होऊ शकतो. छोट्या रकमेच्या बाकी परदेशी मालमत्तेला २०२४ मध्ये सवलत दिली तीही स्थावर सोडून. शिवाय ही माहिती जानेवारी ते डिसेंबर अशी कॅलेंडर वर्षाची असते, एप्रिल-मार्चची नाही, तिथे हमखास गल्लत होते.

कागदांपैकी मी फक्त एकाच कागदाबद्दल सांगते कारण बाकी यादी सगळीकडे मिळते : लग्नाचं सर्टिफिकेट. नवराबायकोच्या व्हिसाला ते लागतंच, आणि १९८०-९० च्या दशकात कार्यालयात वाजतगाजत लग्न केलेल्या कित्येकांनी नोंदणी केलेलीच नाही. आता करता येते, वॉर्ड ऑफिसमध्ये, तीन साक्षीदार, लग्नाचा फोटो, पत्रिका आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. गुरुजी बहुतेक आता हयात नसतात. मग प्रतिज्ञापत्र वगैरे काय चालेल ते खिडकीवर नीट विचारून या, एका फेरीत काम होईल ही आशा ठेवू नका. त्यात बायकोचं माहेरचं नाव पॅनवर, सासरचं पासपोर्टवर, आधारवर तिसरंच स्पेलिंग, हे आधी एकसारखं करा. मग राज्य सरकारचा शिक्का आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का. दुबईला अपोस्टिल चालत नाही, तिथे एम्बसीचं अटेस्टेशन. या एका कागदासाठी काही महिने बाजूला ठेवा.

राहून बघायचं तर चुकीच्या सीझनला जा. दुबईला डिसेंबरमध्ये सगळ्यांनाच आवडतं, जुलैत जा आणि भाड्याच्या घरात राहा, हॉटेलात नाही. भाजी आणा, दळण कुठे मिळतं बघा, दात दुखला म्हणून डेंटिस्टकडे जाऊन बिल किती येतं ते बघा. सकाळी फिरायला तळजाईची टेकडी नाही, हे पहिल्या आठवड्यात जाणवत नाही, तिसऱ्या आठवड्यात जाणवतं. आणि दोघांपैकी गाडी कोण चालवतं? एकच जण चालवत असेल आणि उद्या त्यालाच काही झालं तर दुसऱ्याने दूध कसं आणायचं, हा प्रश्न घर बघायला गेल्यावर विचारायचा असतो, तेव्हा सगळे बाल्कनीतून समुद्र बघत असतात.

दवाखान्याचं मी सगळ्यात वर ठेवते. आपली इथली मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्याच उपचारांना पैसे देते, आणि साठीनंतर तिकडे नवीन पॉलिसी घ्यायला गेलं की बीपी-शुगरवर सगळं अडतं. घराची किंमत विचारायच्या आधी तुमच्या वयाला, तुमच्या आजारांसकट, वर्षाचा प्रीमियम किती त्याचं कोटेशन मागवा. त्या आकड्यावर किती तरी प्लॅन गुंडाळले जातात, आणि बरंच आहे ते, आधीच कळलं. इथली पॉलिसी मात्र बंद करू नका, परत यायची वेळ आली तर या वयात नवीन मिळणं अवघड जातं.

मृत्युपत्र दोन करा, एक इथल्या मालमत्तेचं, एक तिथल्या, तिथल्याच वकिलाकडून, आणि एकाने दुसरं रद्द होणार नाही असं दोन्हींत लिहून घ्या. दुबईत बिगरमुस्लिमांना इंग्रजीत विल रजिस्टर करायची सोय आहे, घर घेतल्या घेतल्या करा.

पुण्याचा फ्लॅट शक्यतो ठेवा. कायमचे गेलात आणि एनआरआय झालात की इथलं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथल्या कमाईचं खातं, करावं लागतं, पेन्शन, भाडं सगळं त्यात. जाण्याआधी घरच्या विश्वासू माणसाच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवा, तिकडून करायची तर कॉन्सुलेटच्या चकरा. फ्लॅट भाड्याने दिलात तर लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करावंच लागतं, सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावेल, तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. आणि मालक एनआरआय असेल तर भाडेकरूला दर महिन्याच्या भाड्यातून ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापून भरावा लागतो, त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबरही काढायला लागू शकतो. हे बहुतेक भाडेकरूंना माहीत नसतं, म्हणून करार करायच्या आधीच सांगा, नाहीतर चार महिन्यांनी त्याचा सीए त्याला सांगेल आणि तो तुम्हाला तिकडे रात्री फोन करेल.